प्युरिटन पान कसं वाचावं: सुरुवातीच्या अमेरिकन साहित्यात शिरण्याची वाट

१० जुलै १६६६. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावात रात्री एका घराला आग लागली. 'आग, आग' अशा आरोळ्यांनी घरातली बाई दचकून उठली, बाहेर आली आणि आपलं घर जळताना पाहत उभी राहिली. पाहवेना तेव्हा तिने देवाचं नाव घेतलं. ज्याने दिलं त्यानेच नेलं, होतं ते त्याचंच, मग कुरकुर कसली? ही बाई म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेत येऊन वसलेल्या प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथातली कवयित्री अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट. या आगीवर तिने पन्नासेक ओळींची कविता लिहिली आहे.

ही कविता वाचणारे पुष्कळ जण इथेच थांबतात. "प्युरिटन म्हणजे हे असंच. सगळं देवावर सोडायचं आणि वर कोरडा उपदेश," असं म्हणून पान उलटतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरी कविता याच्या पुढे सुरू होते. देवाचे आभार मानून झाल्यावर ही बाई त्या राखेजवळून पुन्हा पुन्हा जाते आणि म्हणते, इथे ती पेटी होती, तिथे तो संदूक. आता या छपराखाली कुणी पाहुणा बसणार नाही. या मेजावर कुणी घासभर खाणार नाही. इथे दिवा लागणार नाही, नवरदेवाचा आवाज ऐकू येणार नाही. गंमत बघा, ती हे सगळं घरालाच सांगते आहे, एखाद्या गेलेल्या माणसाशी बोलावं तसं. आणि मग एकदम स्वतःच्या मनाला दटावते: तुझी संपत्ती काय या मातीत होती?

श्रद्धा एकीकडे ओढते, जीव दुसरीकडे, आणि दोघांमध्ये भाषा ताणली जाते. प्युरिटन लेखनातला रस या ताणात आहे. तो ताण ओळखायला कसं शिकायचं, हे पायरीपायरीने सांगतो. एम.ए. इंग्रजीला हा पेपर असेल तर उपयोग होईलच, पण नुसत्या कुतूहलाने वाचणाऱ्यालाही हीच वाट चालेल.

पायरी १: आधी माणसं वेगळी करा

'पिल्ग्रिम' आणि 'प्युरिटन' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. तसं करू नका, कारण दोघांच्या लेखनाचा सूर वेगळा आहे.

१६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून प्लिमथला उतरले ते पिल्ग्रिम. इंग्लंडचं अधिकृत चर्च सुधारण्यापलीकडे गेलं आहे असं मानून ते त्यातून बाहेर पडले होते. आधी हॉलंडमधल्या लायडनला राहिले आणि मग समुद्र ओलांडला. जहाजावर १०२ प्रवासी होते, त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. त्यांचा इतिहास लिहिला विल्यम ब्रॅडफर्डने, जो पुढे अनेक वर्षं तिथला गव्हर्नर होता. त्याच्या लेखनात निर्वासिताचा आवाज आहे. थकलेला, कृतज्ञ, थोडा उदास.

१६३० साली 'आर्बेला' आणि सोबतच्या जहाजांतून आले ते मॅसॅच्युसेट्स बेचे प्युरिटन. हे चर्चमधून फुटलेले नव्हते, त्याला आतून शुद्ध करायचं म्हणत होते. संख्येने जास्त, शिकलेले, पैसेवाले. त्यांचा नेता जॉन विन्थ्रॉप. हे लोक आसरा मागायला आले नव्हते, जगाला नमुना दाखवायला आले होते. म्हणून विन्थ्रॉपच्या भाषणात तो प्रसिद्ध 'डोंगरावरच्या नगरा'चा उल्लेख येतो. तरुण अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटही याच ताफ्यातून आली.

आणखी एक गोष्ट. नॅथॅनियल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' १८५० ची, आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' १९५३ चं. दोन्ही थोर कृती आहेत, पण ते प्युरिटन लेखन नव्हे. नंतरच्या माणसांनी प्युरिटनांकडे वळून पाहिलं, ते हे आहे. आपल्या मनातलं काळ्या कपड्यातल्या, कपाळावर आठ्या घातलेल्या माणसाचं चित्र बहुतेक तिथूनच आलेलं असतं. मूळ पानं वाचताना ते बाजूला ठेवा.

पायरी २: त्यांचा देव समजून घ्या, आणि 'प्रारब्ध' हा शब्द विसरा

या लोकांची श्रद्धा सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याच्या विचारातून आलेली होती. थोडक्यात अशी: आदामाच्या पापामुळे प्रत्येक माणूस जन्मतःच भ्रष्ट आहे. तो स्वतःच्या बळावर तरू शकत नाही. कोणाचं तारण (पापातून सुटका) होणार हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरवलं आहे. ती निवड माणसाच्या गुणांवर अवलंबून नाही, निव्वळ कृपा आहे. आणि ती कृपा ज्याच्याकडे येते त्याला ती नाकारताही येत नाही.

मराठी वाचक इथे हमखास अडखळतो. 'आधीच ठरलेलं' म्हटलं की आपण लगेच प्रारब्ध म्हणतो. पण प्रारब्ध हे आपल्याच कर्माचं फळ असतं. मागे काही केलं म्हणून आज काही भोगतो. कॅल्व्हिनच्या हिशेबात कर्माला जागाच नाही. चांगलं वागून तारण मिळवता येत नाही. भक्ती करूनही मिळवता येत नाही. 'देव भावाचा भुकेला' हे आपल्या कानात इतकं मुरलेलं आहे की हा देव आपल्याला परका वाटतो. तो परका वाटू द्या. घाईने ओळखीचा करून घेतलात तर पुढचं काहीच कळणार नाही.

मग माणूस चांगला वागेल कशाला? कारण त्याला सतत एकच प्रश्न छळतो: मी निवडलेल्यांपैकी आहे का? खात्रीने सांगणारं कुणी नाही. फक्त खुणा दिसतात. मनात खरा पश्चात्ताप उठतो का, प्रार्थनेत ओलावा आहे का, संकटातही श्रद्धा टिकते का. म्हणून हे लोक स्वतःला रोज तपासत. म्हणूनच रोजनिश्या, आत्मवृत्तं, ध्यानकविता असं ढीगभर लेखन झालं. मॅसॅच्युसेट्सच्या अनेक मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, पूर्ण सभासद व्हायचं तर कृपेचा आपला अनुभव इतरांपुढे सांगावा लागे. आपल्या आतल्या जिवाची गोष्ट नीट शब्दांत मांडणं हे तिथे धर्माचं काम होतं.

याला जोडून 'करार' ही कल्पना येते. देवाने जसा इस्राएल लोकांशी करार केला, तसा आपल्याशीही केला आहे असं ते मानत. करार पाळला तर आशीर्वाद, मोडला तर शिक्षा, आणि ती एकट्याला नाही, सगळ्या वसाहतीला. एकाच्या पापाने गावावर संकट येऊ शकतं, ही भीती ध्यानात घेतली की त्यांचं कडक शासनही उलगडतं.

पायरी ३: बायबल शेजारी उघडून ठेवा

ही सगळ्यात उपयोगी सूचना आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही. प्युरिटन लेखक दर दोन वाक्यांनी बायबलचा आधार घेतो आणि बरेचदा सांगत नाही. ब्रॅडस्ट्रीटची 'ज्याने दिलं त्याने नेलं' ही ओळ ईयोबाच्या पुस्तकातून येते. 'सर्व व्यर्थ' हे उपदेशकाच्या पुस्तकातून. 'डोंगरावरचं नगर' मत्तयाच्या पाचव्या अध्यायातून. संदर्भ सापडला की ओळीचं वजन बदलतं. ईयोबाने ते शब्द मुलंबाळं आणि सगळी मालमत्ता गेल्यावर उच्चारले होते. ब्रॅडस्ट्रीट ते उच्चारते तेव्हा ईयोबासारखं उभं राहण्याचा प्रयत्न करते आहे.

मराठी 'पवित्र शास्त्र' वापरायला काहीच हरकत नाही. उलट फायदाच आहे. कृपा, तारण, करार, मंडळी हे शब्द मराठी ख्रिस्ती भाषेत दोनशे वर्षं रुळलेले आहेत, आणि त्या भाषेचा या विषयाशी रक्ताचा संबंध आहे. १८१३ साली मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल चर्चमधून आले होते, म्हणजे याच प्युरिटनांच्या थेट वारसांमधून. पुढे अहमदनगरला रुजलेलं अमेरिकन मराठी मिशन, १८४२ साली सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक, मुलींच्या शाळा, हे सगळं त्याच धाग्याचं पुढचं टोक. रेव्ह. नारायण वामन टिळक याच मिशनच्या परिसरात वावरले. अहमदनगर भागातल्या ख्रिस्ती घरातला विद्यार्थी वर्गात असेल तर त्याला बोलतं करा. 'कृपा' हा शब्द तो जसा समजावून सांगेल तसा पुस्तकातून समजणार नाही.

बायबल वाचण्याची त्यांची एक खास रीत होती. जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तापूर्वीच्या भागातल्या, घटना या नंतर येणाऱ्या गोष्टींच्या पूर्वछाया आहेत, असं ते मानत. इजिप्तच्या फारो राजाच्या गुलामगिरीतून इस्राएल लोकांना समुद्र आणि अरण्य पार करून बाहेर काढणारा मोशे ही ख्रिस्ताची पूर्वछाया. आणि हेच ते स्वतःलाही लावत: अटलांटिक म्हणजे आपला तांबडा समुद्र, अमेरिकेचं रान म्हणजे आपलं अरण्य, इंग्लंडचा राजा म्हणजे फारो. त्यांच्या लेखी ही उपमा नव्हती. आपण त्याच कथेत चालतो आहोत असं त्यांना खरोखर वाटत होतं.

पायरी ४: क्षुल्लक घटनेपाशी थांबा

त्यांच्या मते जगात योगायोगाने काहीच घडत नाही. पाऊस, आजार, बुडालेली होडी, सगळं देवाच्या योजनेतून. म्हणून रोजनिशीतली फुटकळ वाटणारी नोंद वगळू नका.

विन्थ्रॉपच्या रोजनिशीतली १६४० सालची एक नोंद मला फार आवडते. त्याच्या मुलाने हजाराहून जास्त पुस्तकं धान्याच्या खोलीत ठेवली होती. त्यातल्या एका ग्रंथात ग्रीक नवा करार, स्तोत्रं आणि इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक एकत्र बांधलेलं होतं. उंदरांनी प्रार्थनापुस्तकाचं पान न् पान कुरतडलं, पण बाकीच्या दोन भागांना तोंडही लावलं नाही! विन्थ्रॉप हे अगदी गांभीर्याने लिहून ठेवतो. ज्या प्रार्थनापुस्तकाला प्युरिटनांचा विरोध होता, तेच उंदरांनी खाल्लं. हसू येतं, पण जरा थांबा. उंदरांच्या दातांतही देवाचं मत शोधणाऱ्या माणसाला किती सावध जगावं लागत असेल?

ब्रॅडफर्डचंही तसंच. मेफ्लॉवरवर एक उद्धट तरुण खलाशी होता. आजारी प्रवाशांना शिव्या देई, अर्ध्यांना तरी समुद्रात फेकावं लागेल म्हणे. तोच आधी आजारी पडला, मेला, आणि सगळ्यात आधी त्यालाच समुद्रात टाकावं लागलं. ब्रॅडफर्ड यात देवाचा न्यायी हात पाहतो. असा परिच्छेद आला की तीन गोष्टी वेगळ्या लिहून काढा: घडलं काय, लेखकाने अर्थ काय लावला, आणि त्या अर्थामुळे गोष्टीतलं काय मागे पडलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्याकडे पुन्हा येऊ.

पायरी ५: साधेपणा ऐका, मोजा

ब्रॅडफर्ड सुरुवातीलाच सांगतो की मी साध्या शैलीत, साध्या सत्याला धरून लिहिणार. १६४० साली केंब्रिजच्या छापखान्यात 'बे साम बुक' छापलं गेलं. इंग्रजांच्या उत्तर अमेरिकी वसाहतींत छापलेलं हे पहिलं पुस्तक. त्याच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे की देवाच्या वेदीला आमच्या झिलईची गरज नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, त्यांचं सगळं शैलीशास्त्र त्यात आहे. राजदरबारी प्रवचनकार लॅटिन अवतरणं आणि कोट्या यांनी भाषण सजवत. प्युरिटनांना ती सजावट चर्चमधल्या रंगीत काचांसारखी वाटे: प्रकाश येऊ देण्याऐवजी स्वतःकडे लक्ष वेधणारी.

पण 'साधी शैली' एवढं उत्तरपत्रिकेत लिहून भागत नाही. दाखवावं लागतं. ब्रॅडस्ट्रीटची नवऱ्याला उद्देशून लिहिलेली ओळ मोठ्याने म्हणा: 'इफ एव्हर टू वेअर वन, देन शुअरली वी.' आठ शब्द. त्यातले सहा एका अक्षरावयवाचे. लॅटिन वळणाचा जड शब्द एकही नाही. 'दोघं कधी एक झाली असतील, तर ती आपणच,' एवढाच अर्थ. कुठल्याही ओळीला ही चाचणी लावा: शब्द किती लहान, प्रतिमा घरातली की पुस्तकातली, वाक्य कुणाला उद्देशून आहे.

साधेपणा म्हणजे प्रतिमा नाहीत असं मात्र नव्हे. प्रतिमा आहेत, फक्त त्या रोजच्या कामातल्या आहेत. वेस्टफील्डचा पाद्री आणि वैद्य एडवर्ड टेलर याची 'हसविफरी' (म्हणजे घरकाम) ही कविता घ्या. प्रभू, मला तुझा चरखा कर, असं म्हणून तो सुरू करतो. देवाचं वचन म्हणजे लोकर गुंडाळायची काठी, आत्मा म्हणजे सूत गुंडाळायची फिरकी. मग तो माग होतो, पवित्र आत्मा कांड्या भरतो, कापड विणलं जातं, रंगवलं जातं आणि शेवटी तेच वस्त्र लेऊन तो देवापुढे उभा राहतो. आपल्या काव्यशास्त्रात याला सांगरूपक म्हणतात. इंग्रजीतला पारिभाषिक शब्द घोकण्याआधी हा आपला शब्द वापरून पाहा, कविता लगेच उलगडते. यंत्राचा प्रत्येक भाग ओळीने येतो, आणि प्रत्येक ठिकाणी काम करणारा देव असतो, माणूस नुसतं साधन. म्हणजे कॅल्व्हिनची शिकवण कवितेच्या रचनेतच उतरली आहे. टेलरच्या कविता त्याच्या हयातीत जवळजवळ छापल्याच गेल्या नाहीत. १९३० च्या दशकात येल विद्यापीठात त्याचं हस्तलिखित सापडलं, तेव्हा जगाला हा कवी कळला.

पायरी ६: प्रवचनाचा सांगाडा वेगळा काढा

प्युरिटन प्रवचन ठरलेल्या क्रमाने चालतं: आधी बायबलमधलं वचन, त्याचा खुलासा, मग त्यातून निघणारा सिद्धान्त, मग त्याची कारणं, शेवटी 'उपयोग', म्हणजे ऐकणाऱ्याने काय करायचं. हा साचा इतका अंगवळणी पडलेला होता की रोजनिश्या आणि कविताही नकळत याच क्रमाने जातात: प्रसंग, अर्थ, बोध.

सरावाला जोनाथन एडवर्ड्सचं 'सिनर्स इन द हँड्स ऑफ अ‍ॅन अँग्री गॉड' घ्या. ८ जुलै १७४१, एनफील्ड, कनेक्टिकट. एडवर्ड्स बराच नंतरचा, प्युरिटनांचा वारस म्हणावा असा, पण सांगाडा तोच आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन: त्यांचा पाय योग्य वेळी घसरेल. त्याचे चार अर्थ. मग सिद्धान्त: दुष्टांना या क्षणी नरकाबाहेर ठेवणारी एकच गोष्ट आहे, देवाची मर्जी. मग क्रमांक घालून दहा मुद्दे. इथपर्यंत तो बहुतेक 'ते' असं बोलतो. 'उपयोग' सुरू झाला की सर्वनाम बदलतं आणि तो 'तुम्ही' म्हणू लागतो. आगीवर धरलेला कोळी-किडा, ताणलेलं धनुष्य, बांधाआड साचत चाललेलं पाणी, सगळं आता समोर बसलेल्या माणसावर रोखलेलं. पेन्सिल घेऊन 'तुम्ही' हा शब्द जिथे जिथे येतो तिथे खूण करा. त्या दिवशी लोकांनी इतका आक्रोश केला की त्याला मध्येच थांबावं लागलं. ते का घडलं, हे त्या खुणांवरून दिसेल.

पायरी ७: तडा शोधा

आता मूळ मुद्द्याकडे. लेखक जे मानतो आणि त्याला जे वाटतं, ते जिथे जुळत नाही ती जागा शोधा.

मेरी रोलँडसनचं आत्मवृत्त यासाठी सर्वांत चांगलं. फेब्रुवारी १६७६ मध्ये लँकेस्टर गावावर हल्ला झाला आणि तिला पकडून नेलं. जखमी सहा वर्षांची मुलगी काही दिवसांनी तिच्याजवळच मेली. सुमारे अकरा आठवडे ती मूळ रहिवाशांबरोबर रानोमाळ फिरली, शेवटी २० पौंड खंडणीवर सुटली. तिचं पुस्तक १६८२ साली आलं आणि प्रकरणांना तिने 'मुक्काम हलवणं' अशा अर्थाचं नाव दिलं. देवाने आपल्याला शिकवण्यासाठीच हे केलं, हा धागा ती सोडत नाही. पण मध्येच भूक बोलू लागते. पहिल्या आठवड्यात जे अन्न घशाखाली उतरत नव्हतं, तेच तिसऱ्या आठवड्यात गोड लागतं. पकडणाऱ्यांना ती राक्षस म्हणते, आणि त्यांच्यातल्याच एकाने लुटीतून बायबल आणून दिलं हेही सांगते. मूळ रहिवाशांचा सरदार मेटाकॉम, ज्याला इंग्रज राजा फिलिप म्हणत, त्याच्या मुलासाठी तिने सदरा शिवला आणि एक शिलिंग मिळवला. आणि सुटून आल्यावर? सगळे झोपलेले असतात तेव्हा आपण जागे राहून रडतो, असं ती लिहिते. बोध सांगून झालेला आहे, झोप मात्र आलेली नाही.

कधी तडा म्हणजे मौन असतं. डिसेंबर १६२० मध्ये ब्रॅडफर्डची बायको डोरोथी जहाज किनाऱ्याशी नांगरलेलं असताना बुडून गेली. ब्रॅडफर्ड त्या उद्धट खलाशाच्या मरणाची गोष्ट सविस्तर सांगतो. आपल्या बायकोच्या मरणाबद्दल मुख्य कथनात एक ओळही नाही. शेवटी प्रवाशांच्या यादीत ती वारल्याची नोंद येते, तेवढीच. यावर मी विद्यार्थ्यांना निष्कर्ष काढू देत नाही. फक्त ती जागा बोट ठेवून दाखवतो.

पायरी ८: ज्यांना बोलू दिलं नाही त्यांना विचारा

ब्रॅडफर्ड म्हणतो की स्क्वांटो, म्हणजे पिल्ग्रिमांना मदत करणारा इंग्रजी बोलणारा मूळ रहिवासी, हा देवाने आमच्या भल्यासाठी पाठवलेलं साधन होता. आता तिसरा रकाना आठवा. या माणसाला इंग्रजी का येत होतं? १६१४ साली टॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पळवलं आणि स्पेनला गुलाम म्हणून विकायला नेलं, तिथून तो लंडनला पोचला, आणि कसाबसा परतला तेव्हा साथीने त्याचं पटक्सेट गाव संपलं होतं. प्लिमथ त्याच जागेवर उभं राहिलं. १६३७ साली मिस्टिक इथे इंग्रजांनी पीक्वॉट या मूळ रहिवाशांची वस्ती जाळली, तेव्हा तो विजय ब्रॅडफर्डला 'गोड यज्ञ' वाटला. तो आधी 'भयंकर दृश्य' असंही म्हणतो. दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात आहेत, दोन्ही उतरवून घ्या. करार आणि पूर्वछाया यांची भाषा माणसाकडून काय काय करवून घेऊ शकते ते इथे दिसतं.

आतलेही विरोधक वाचा. मूळ रहिवाशांची जमीन राजाने परस्पर देण्यावर बोट ठेवणारा आणि धर्माच्या बाबतीत सरकारने पडू नये म्हणणारा रॉजर विल्यम्स हद्दपार झाला. त्याने १६४३ साली त्या लोकांच्या भाषेवर पुस्तक लिहिलं. सेलमच्या १६९२ च्या चेटूक खटल्यांत १९ जणांना फाशी झाली. त्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल १६९७ साली भर मंडळीत उभा राहिला आणि आपला दोष त्याने वाचून दाखवायला लावला. १७०० साली त्याने गुलामगिरीविरुद्ध पत्रिका काढली. स्वतःला तपासण्याची तीच प्युरिटन सवय इथे वेगळ्या दिशेला वळली.

सुरुवात कुठून

एडवर्ड्सपासून सुरू करू नका. बहुतेक अभ्यासक्रमांतला तोच उतारा आधी वाचला जातो आणि प्युरिटन म्हणजे धमकी असा समज पक्का होतो. आधी ब्रॅडस्ट्रीटच्या दोन कविता, जळालेल्या घराची आणि नवऱ्याची. मग ब्रॅडफर्डच्या इतिहासातलं समुद्रप्रवासाचं प्रकरण. मग रोलँडसन संपूर्ण, ती दोन बैठकांत होते. त्यानंतर विन्थ्रॉपच्या भाषणाचा शेवट, टेलरची एक कविता, आणि एडवर्ड्स शेवटी. यातलं बरंचसं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. जुनी स्पेलिंगं पाहून घाबरू नका. मोठ्याने वाचलं की शब्द ओळखीचे होतात.

परीक्षेत लिहिताना श्रद्धांची यादी आधी आणि शैलीची यादी नंतर, अशी फाळणी करू नका. एक ओळ घ्या आणि तिच्यातच दोन्ही दाखवा. ब्रॅडस्ट्रीटच्या कवितेत 'निरोप, माझ्या धनदौलती' ही ओळ शेवटाजवळ येते. तिच्याआधी ती किती वस्तूंची नावं घेते, ते मोजून लिहा.